भाचीचे घट्ट कुरळे केस रोज कसे विंचरायचे? कोणतं तेल लावायचं?

रोज विंचरायचेच नाहीत. निम्मं उत्तर इथेच संपलं.

तुमच्या बहिणीची मुलगी लंडनहून महिनाभर राहायला येतेय, तिचे वडील नायजेरियन आहेत आणि चारचौघांत तिचे केस 'नीट' दिसावेत, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही.

माझा नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन. आम्ही न्यू जर्सीत असतो. लेकीचे केस बापावर गेलेत: ओले असले की खांद्याखाली, वाळले की आक्रसून कानापाशी. त्यांची निगा मला सासूबाईंनी शिकवली. रविवारची दुपार त्यासाठीच राखलेली असते. डोक्याचे चार भाग करायचे, एकेक भाग पाण्याने चिंब करून सढळ हाताने कंडिशनर लावायचं. गुंता आधी बोटांनी सोडवायचा, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे. धुऊन झालं की न धुता ठेवायचं कंडिशनर, वर थोडं शिया बटर, आणि दोन-दोन पेडांचे पीळ. ते आठवडाभर सोडायचे नाहीत. रात्री साटीनची टोपी, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो. मध्येच कोरडे वाटले तर पाण्याचा फवारा.

सांगलीहून माझी आत्या आली होती तेव्हाची गोष्ट. ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. मी साडी नेसत होते तेवढ्यात तिने लेकीला पुढ्यात बसवलं, पीळ उसवले आणि बारीक दातांची फणी कोरड्या केसांत मुळापासून ओढायला लागली. पोर रडत होती. फणीत तुटलेल्या केसांचा पुंजका. वर म्हणते, "तुझ्या सासूला काही वळण नाही. आपल्या घरात कुणाच्या अशा झिंज्या नव्हत्या."

सासूबाई तिथेच होत्या. मराठी कळत नसलं तरी सूर कळतो. त्या लहान असताना ईस्टरच्या आदल्या दिवशी लोखंडी कंगवा चुलीवर तापवून केस सरळ करत, कान भाजायचे. नातीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून ही बाई दर रविवारी आमच्याकडे येत असे. आत्याला मी तिथल्या तिथे सांगितलं, पूजेला उशीर झाला तरी चालेल, आधी फणी खाली ठेव.

ती अजून फोनवर म्हणते, पार्लरमध्ये नेऊन सरळ करून आण. आत्या, तुला सांगून झालंय, आता इथे लिहिते. केस सरळ करायची ती रिलॅक्सर क्रीम बऱ्याचदा सोडियम हायड्रॉक्साइडची असते, टाळू भाजते. 2022 साली अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. कारण तेच, असं त्यातून सिद्ध होत नाही, पण लहान मुलीच्या डोक्यावर मी ते लावणार नाही.

आणि 'फक्त केसच तर आहेत' हेही मला सांगू नका. डिसेंबर 2018 मध्ये आमच्याच राज्यात एका शाळकरी कुस्तीगिराच्या जटा सामन्याआधी सर्वांदेखत कापल्या गेल्या. वर्षभराने, डिसेंबर 2019 मध्ये, केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध इथे क्राऊन कायदा झाला.

तेलाचं राहिलं. टाळूवरचा तेलकटपणा वेटोळ्यांमुळे टोकापर्यंत उतरत नाही आणि प्रत्येक वळणावर केस नाजूक असतो. म्हणून हे केस कोरडे पडतात आणि तुटतात. खोबरेल वाईट नाही. ते केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं, हे 2003 मध्ये मुंबईच्याच संशोधकांनी दाखवलंय. पण ते न्हाण्याआधी लावा. कोरड्या केसांवर नुसतं तेल थापून ओलावा येत नाही, आधी पाणीच लागतं.

हे सगळं माझ्या लेकीच्या केसांवरून सांगितलं. भाचीचे वेगळे असू शकतात, तेव्हा बहिणीला आणि खुद्द मुलीला विचारा. ती वेण्या घालूनच आली तर महिनाभर तुम्हाला फारसं काही करायचंही नाही. मात्र कपाळाजवळ दुखत असेल किंवा पुळ्या आल्या तर वेण्या फार घट्ट आहेत, त्या सैल करा. तिथले केस विरळ व्हायला लागले असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.