गावतलावात मासे सोडायचेत? आधी एवढं वाच भाऊ

भाऊ, गळ टाकणाऱ्या पोरांसाठी तलावात माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडायचं म्हणतोस, मनापासून आवडलं. पण आधी ग्रामपंचायतीत विचार, पाणी कुठल्या मच्छीमार सोसायटीला ठेक्यानं दिलंय का, दिलं असेल तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय हात लावू नको, त्यांचं पोट आहे त्यावर.

जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक पिल्लं, स्वस्त मिळतात म्हणून भुलू नको, तलावात मरळ मासा असेल तर सगळं फस्त करतो. ८० ते १०० मिमीची बोटुकलीच, म्हणजे बोटाएवढी पिल्लंच, घे. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, म्हणून तिन्ही मिळून टाक, आणि हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, म्हणजे बीज परत परत टाकावंच लागतं. थाई मागूर मासा कोणी फुकट दिला तरी नको, बंदी आहे त्याच्यावर.

पहिल्या वर्षी मी भर दुपारी बीजाच्या पिशव्या कापून सरळ ओतल्या, तासाभरात काठाला पांढरी पोटं वर! आजही वाईट वाटतं. तू सकाळीच जा, बंद पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगू दे, मग तोंड सोडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घे आणि पिशवी आडवी धर, पिल्लं आपणहून निघतात.

आपल्या खानदेशात मे महिन्यात बरेच तलाव आटतात, तेव्हा उन्हाळ्यात डोह टिकतो तोच निवड. आणि सांडवा वाहायचा थांबल्यावरच टाक, नाहीतर सगळी पिल्लं नाल्यानं खाली जातील.