शाळेचा बॉण्ड आणि आपली घरपट्टी

कॅलिफोर्नियात एखाद्या स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) इमारतींसाठी बॉण्ड, म्हणजे घरपट्टीतून फेडायचं कर्ज, मतदानाला ठेवला की आमच्याकडे पत्रांचा ओघ लागतो. त्यांतली काही पत्रं आणि आमची उत्तरं.

प्रश्न : आमचं घर बाजारभावाने १५ लाख डॉलरचं आहे. मतपत्रिकेवर ‘दर लाखाला ६० डॉलर’ लिहिलंय. म्हणजे वर्षाला ९०० डॉलर वाढणार का? शेजारी म्हणतात, त्यांना याच्या निम्मेसुद्धा पडणार नाहीत. – एक वाचक, फ्रीमाँट

बाजारभाव बाजूला ठेवा आणि घरपट्टीच्या बिलावर ‘असेस्ड व्हॅल्यू’ (कर आकारणीसाठी धरलेली किंमत) किती लिहिली आहे ते बघा. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन १३ या कायद्यामुळे ही किंमत तुम्ही घर घेतलं त्या वेळच्या किमतीवर ठरते आणि वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढते. ती ९ लाख आहे असं धरू. घरात स्वतः राहत असाल आणि होमओनर्स एक्झम्प्शनचा (राहत्या घराच्या सवलतीचा) अर्ज भरला असेल, तर त्यातून ७,००० वजा होतात. उरलेल्या ८,९३,००० वर लाखाला ६० या दराने वर्षाला ५३५ डॉलर ८० सेंट होतात. हा अर्ज राहून गेला असेल तर आधी तो भरा. तो मोफत आहे आणि एकदाच भरावा लागतो.

शेजाऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी घर घेतलं असेल, तर त्यांचा आकडा खरोखरच निम्म्याहून कमी असू शकतो. बॉण्डचा बोजा नव्याने घर घेतलेल्यांवर जास्त पडतो, आणि आपल्या लोकांत असे खूप आहेत.

आता त्या ६० विषयी. प्रॉपोझिशन ३९ खाली ५५ टक्के मतांनी मंजूर होणाऱ्या बॉण्डसाठी युनिफाइड डिस्ट्रिक्टला (प्राथमिक ते हायस्कूल सगळं एकत्र असलेल्या) ही मर्यादा आहे. प्राथमिक आणि हायस्कूल डिस्ट्रिक्ट वेगवेगळे असतील तर प्रत्येकी ३०, कम्युनिटी कॉलेजला २५. पण ही मर्यादा एका निवडणुकीतल्या बॉण्डपुरती असते. आधीचे बॉण्ड बिलावर वेगळ्या ओळींत चालूच राहतात. शिवाय बॉण्ड विकताना केलेला तो अंदाज असतो. परिसरातल्या घरांच्या किमती अपेक्षेप्रमाणे वाढल्या नाहीत, तर हप्ता भरण्यासाठी काउंटीला दर वाढवावाच लागतो.

प्रश्न : बॉण्ड १० कोटी डॉलरचा असेल, तर आपण फेडणार किती? – सॅन होजे

व्याज आणि मुदत कळल्याशिवाय हे सांगता येत नाही. ४ टक्के व्याज आणि समान हप्ते धरले, तर २५ वर्षांत साधारण १६ कोटी होतात, ३० वर्षांत साधारण १७ कोटी ३५ लाख. मुदत पाच वर्षांनी वाढली की सव्वा कोटीहून जास्त रक्कम वाढते. मतदारांना येणाऱ्या पुस्तिकेत ‘टॅक्स रेट स्टेटमेंट’ असतं. त्यात सर्वांत जास्त दर, तो कोणत्या वर्षी लागेल, आणि मुद्दल-व्याज मिळून एकूण अंदाजे परतफेड किती, हे द्यावं लागतं. ते पान आधी वाचा, रंगीत पत्रकं नंतर.

सुरुवातीची अनेक वर्षं काहीच न भरता व्याजावर व्याज चढू देणाऱ्या बॉण्डपासून विशेष सावध राहा. सॅन डिएगोजवळच्या पोवे युनिफाइडने २०११ मध्ये असे साडेदहा कोटींचे बॉण्ड विकले, आणि त्यांची परतफेड जवळजवळ ९८ कोटींवर जाते. त्यानंतर २०१३ च्या कायद्याने असे बॉण्ड २५ वर्षांपर्यंत आणि परतफेड मुद्दलाच्या चौपटीपर्यंत मर्यादित केली.

प्रश्न : मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. घर माझं, कर मी भरतो, पण मत नाही. मग मी काय करू शकतो? – सनीव्हेल

मत नाही हे खरं, आणि ते बोचणं स्वाभाविक आहे. पण स्कूल बोर्डाच्या सभेत कोणालाही बोलता येतं, नागरिकत्व विचारत नाहीत. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली कागदपत्रंही कोणीही मागू शकतं. कागद देता येतील की नाही, याचं उत्तर साधारणपणे दहा दिवसांत द्यावं लागतं.

प्रश्न : मागचा बॉण्ड मंजूर होऊन दहा वर्षं झाली. आमच्या शाळेचं छप्पर अजून गळतंय. पैसे गेले कुठे? – मिलपिटस

बहुतेक वेळा पैसे चोरीला जात नाहीत, अंदाजपत्रक कच्चं असतं. यादीत ‘वर्गांना नवीन एसी’ लिहिलेलं असतं. काम सुरू झाल्यावर कळतं, विजेचा पॅनेल जुना आहे आणि त्याला हा भार झेपत नाही. मग पॅनेल बदला, ट्रान्सफॉर्मर मोठा हवा, त्यासाठी वीज कंपनीची वाट बघा. छत उघडलं की जुन्या पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस निघतं. ते काढायला परवानाधारक ठेकेदार लागतो, आणि तोवर वर्ग बंद. त्यात अपंगांसाठी रॅम्प, दारं, स्वच्छतागृहं नियमात बसवावी लागतात. यादीतल्या पहिल्या तीन शाळांतच पैसे संपतात आणि चौथीचं छप्पर तसंच राहतं. कायद्यानेही यादीतलं प्रत्येक काम होईलच अशी हमी नसते.

शाळेचं बांधकाम महाग असण्याला एक रास्त कारणही आहे. १० मार्च १९३३ ला लाँग बीचला भूकंप झाला आणि कित्येक शाळा कोसळल्या. संध्याकाळची वेळ होती म्हणून मुलं वाचली. महिनाभरात फील्ड ॲक्ट आला. तेव्हापासून शाळेचे नकाशे राज्याच्या आर्किटेक्ट विभागाकडून तपासून घ्यावे लागतात आणि बांधकामावर सतत इन्स्पेक्टर असतो. या खर्चात कपात मागू नका.

बोर्डाला विचारायचं ते असं : दिलेला आकडा फक्त बांधकामाचा आहे, की आर्किटेक्ट, तपासणी, फर्निचर आणि अनपेक्षित कामांची तरतूद धरून? कोणत्या वर्षीच्या भावाने? कामांचा क्रम काय? आणि लॅपटॉप या पैशातून घेणार का? चार-पाच वर्षांत निकामी होणारी वस्तू २५ वर्षांच्या कर्जातून घेणं हा शुद्ध तोटा आहे. घ्यायचीच असेल तर त्यासाठी कमी मुदतीचे बॉण्ड वेगळे काढायला सांगा.

मागच्या बॉण्डचे वार्षिक ऑडिट आणि नागरिक देखरेख समितीचे अहवाल डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असायला हवेत. समितीत किमान सात जण असतात. त्यांत एक करदाता संघटनेचा, एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेचा, आणि डिस्ट्रिक्टचा कर्मचारी किंवा ठेकेदार एकही नाही. समितीला काम थांबवायचा अधिकार नाही. पण पैसा पगारावर किंवा रोजच्या खर्चावर वळवला, तर जाहीरपणे सांगणं हे तिचंच काम आहे.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. ज्येष्ठांना सूट मिळेल ना? – क्युपर्टिनो

बॉण्डला नाही. ज्येष्ठांची सूट काही ‘पार्सल टॅक्स’ना (घराच्या किमतीवर नव्हे, तर दर मालमत्तेमागे लागणाऱ्या करांना) असते, आणि दोन्हींत गल्लत होते. वय ६२ किंवा त्याहून जास्त आणि उत्पन्न कमी असेल, तर स्टेट कंट्रोलरच्या योजनेत घरपट्टी पुढे ढकलता येते. अर्ज १ ऑक्टोबर ते १० फेब्रुवारी. पण त्यावर व्याज लागतं आणि घरावर बोजा चढतो, तेव्हा मुलांशी बोलून ठरवा.

प्रश्न : मुलं कमी होताहेत, मग नव्या इमारती कशाला? – डब्लिन

शंका योग्य आहे. राज्यातल्या सरकारी शाळांचा पट काही वर्षांत ६२ लाखांवरून ५८ लाखांवर आला. तुमच्या डिस्ट्रिक्टकडून प्रत्येक शाळेची क्षमता, आजचा पट आणि पुढच्या पाच वर्षांचा अंदाज मागा. जुन्या शाळेची दुरुस्ती आणि नव्या वर्गांची बांधणी यांचे आकडे वेगळे करून घ्या, कारण दुरुस्तीची गरज पट घटला तरी राहते. उत्तर पटलं नाही आणि तुम्ही मतदार असाल, तर विरोधी बाजू पुस्तिकेत छापायला देता येते. मर्यादा ३०० शब्दांची. मुदत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात आधीच विचारून ठेवा. विरोधात कोणीच लिहिलं नाही, तर पुस्तिकेत एकच बाजू छापली जाते.