एनडीटीचा कोर्स: फी भरण्याआधी एवढं विचारा

जॉब, म्हणजे तपासायचा भाग, न कापता, न फोडता त्याच्यातला दोष शोधायचा, हे एनडीटीचं (नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगचं) काम. ते शिकायचं कसं, याबद्दल आलेल्या पत्रांतली चार आज घेतो.

मी आयटीआय वेल्डर. रबाळ्याला फॅब्रिकेशन शॉपमध्ये चार वर्षं आहे. एनडीटीत यायचं तर सुरुवात कशाने करू?

पीटीने, म्हणजे डाय पेनिट्रंटने. सामान काय, तीन स्प्रे कॅन आणि फडकी. पण घाईचा हात इथे लगेच उघडा पडतो. जॉब साफ करायचा, लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचा डाय पुसायचा, मग पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. भेगेत शिरलेला डाय केसाएवढ्या लाल रेघेने वर येतो आणि बघता बघता पसरतो. पुसताना क्लीनर थेट जॉबवर फवारला, तर भेगेतला डायही धुऊन जातो आणि फुटकं वेल्ड पास! सुरुवातीला मीही हे केलंय. क्लीनर फडक्यावरच घ्यायचा. पावसाळ्यात जॉब नीट सुकवून घ्या. भेगेत पाणी बसलं असेल तर डाय शिरणार कुठून?

मग यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक: प्रोबने जॉबमध्ये ध्वनिलहरी सोडायच्या आणि दोषावरून परत येणारा इको स्क्रीनवर बघायचा. तिथे तुमची वेल्डिंगची चार वर्षं वसूल होतात. ७० अंशांचा प्रोब फिरवताना स्क्रीनवर उसळी दिसली की नवखा मुलगा ‘क्रॅक’ म्हणून मोकळा होतो. रूट, म्हणजे वेल्डचा तळ, जास्त उतरलं तरी तिथून इको येतो, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

बी.एस्सी. (फिजिक्स) झालंय, खारघरला राहते. एक क्लास १५ दिवसांत पाच पद्धतींची लेव्हल टू देतो, ‘सर्टिफिकेट जगभर चालतं’ म्हणतो. घेऊ का?

हिशेब तुम्हीच करा. बहुतेक कंपन्या एसएनटी-टीसी-१ए ही अमेरिकन संस्थेची नियमावली पाळतात. लेव्हल वन ही पहिली पायरी, लेव्हल टू तिच्या वरची. त्यात एकट्या यूटीला दोन्ही लेव्हलचं प्रशिक्षण साधारण ४०-४० तासांचं. शिवाय प्रत्यक्ष कामाचे लेव्हल वनला २१० आणि लेव्हल टूला आणखी ६३० तास. बेरीज ८४०. रोज आठ तास प्रोब हातात धरला तरी १०५ दिवस लागतात, तेही एकाच पद्धतीला.

क्लास शिकवतो, परीक्षा घेतो. त्यात गैर काही नाही. पण एसएनटी-टीसी-१ए मध्ये सर्टिफिकेट देते ती नोकरीची कंपनी, स्वतःच्या लेखी नियमांप्रमाणे. नोकरी सुटली की ते संपलं. नवी कंपनी पुन्हा तपासून देते. आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाचं तसं नाही. तिथे स्वतंत्र संस्था प्रमाणित करते, ते पाच वर्षं टिकतं. बाहेर जायचं असेल तर तिथला क्लायंट यातलं काय मागतो ते आधी विचारा. आणि क्लासवाल्यांना एकच प्रश्न टाका: अनुभवाचे तास कुठे भरून घेणार? गडी तिथेच गडबडतो.

मुलगा रेडिओग्राफीला लागलाय. रात्रपाळी, किरणांचं काम. जीव टांगणीला लागतो. (कळवा)

ताई, रात्रपाळीला घाबरू नका. बाकीचे कामगार घरी गेले की भोवतीचा भाग दोरी बांधून मोकळा ठेवता येतो, म्हणून शॉट, म्हणजे किरणांनी काढायचा फोटो, बऱ्याचदा रात्री घेतात. कॅमेऱ्यात किरणांचा सोर्स म्हणून बहुधा इरिडियम-१९२ असतं. दर ७४ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते. आपल्याकडे ते वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडूनही येतं. अणुशक्तीनगरच्या एईआरबीने, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाने, कामगाराच्या अंगावर पडणाऱ्या किरणांना घातलेली मर्यादा आहे पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप), आणि एका वर्षात ३० च्या वर नाही.

त्याला तीन गोष्टी विचारा. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला, असतो का? सुरक्षेचं प्रशिक्षण झालंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक शॉटनंतर कॅमेऱ्याकडे जाताना किरण मोजणारा सर्व्हे मीटर चालू करून हातात असतो का? शॉटसाठी बाहेर काढलेल्या सोर्सची केबल गुंडाळली म्हणजे सोर्स कॅमेऱ्यात आत गेलाच, असं नसतं. ते मीटरच सांगतो. ‘मीटर गाडीत असतो’ असं उत्तर आलं, तर मात्र काळजी करा आणि त्याला ती नोकरी सोडायला लावा.

चष्मा आहे, रंगही थोडे कमी कळतात. चालेल का? (कोपरखैरणे)

चष्मा चालतो. जवळची बारीक अक्षरं एका डोळ्याने तरी, चष्मा लावून का होईना, वाचता आली पाहिजेत. ही तपासणी दरवर्षी असते. रंगांचं पद्धतीवर अवलंबून आहे. पीटीत पांढऱ्यावर लाल दिसलंच पाहिजे, रेडिओग्राफीच्या फिल्मवर करड्या छटा ओळखता आल्या पाहिजेत. फी भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन या. माझीही तपासणी गेल्या महिन्यात झाली, नंबर वाढलाय.