एखाद्या फॅन्टसी मालिकेचा नवा भाग वाचून तुम्हाला कधी रडू आलंय का?

आलंय. तेही संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये, लेडीज डब्यात. एका हातात कडी, दुसऱ्या हातात फोन, त्यामुळे डोळे पुसायलाही हात मोकळा नाही. समोरच्या काकूंनी विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" आता त्यांना काय सांगणार!

पुस्तक होतं ब्रँडन सँडरसनचं 'विंड अँड ट्रुथ', म्हणजे 'स्टॉर्मलाइट अर्काइव्ह'चा पाचवा भाग. डिसेंबर २०२४ मध्ये आला. १३०० च्या वर पानं आहेत, म्हणून फोनवर वाचत होते. छापील घेतलं असतं तर ठाण्याच्या पुलावर हमालच करावा लागला असता.

शेवट फोडत नाही, घाबरू नका. आणि कुणी मेलं म्हणून मी रडले नाहीच. कॅलडिन हा २०१० च्या पहिल्या भागात सैन्यासाठी खांद्यावर लाकडी पूल वाहणारा गुलाम. तेव्हापासून हा बाबा सतत कुणाला ना कुणाला वाचवायला धावतोय, आणि स्वतः आतून पार खचलेला. या भागात त्याच्यासोबत झेथ आहे, पहिल्याच भागात राजाचा खून करणारा. कॅलडिन त्याच्यासाठी रस्सा शिजवतो, बासरी शिकतो, आणि त्याचं ऐकत बसतो. बस्स. रबाळेपासून मी हे वाचत होते, दिघा गाव येईपर्यंत माझं नाक वाहायला लागलं होतं.

पुस्तक निर्दोष नाही हां. दहा दिवसांची गोष्ट मध्ये फार रेंगाळते, आणि काही संवाद तर थेट समुपदेशकाच्या केबिनमधून उचलल्यासारखे वाटतात. मैत्रिणीला तेवढ्यासाठीच आवडलं नाही. तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पण माझा मोठा भाऊ नोकरी गेल्यापासून आठ महिने खोलीतच असतो. मी रोज दारात उभी राहून "दादा, ऊठ, तलावपाळीला तरी एक चक्कर मारून ये" म्हणायची. तो हूं म्हणायचा, मी पाय आपटत निघून जायची.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले. काही बोलले नाही. तो रील्स बघत होता, मीही बघितले. अर्ध्या तासाने म्हणाला, "पंखा जरा दोनवर कर गं."