साडी कुठं आहे?

प्रिय मित्रा,

आपल्या बेळगावातल्या शहापूरच्या साडी दुकानासाठी तू लिहिलेली तीस सेकंदांची जाहिरात वाचली. लेक सासरी निघते, आई रडते, बाप खांबाला धरून रडतो, सनई वाजते आणि शेवटी दुकानाचा बोर्ड. एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येईलही. खरं ते कुठल्या दुकानासाठी? त्या बोर्डाच्या जागी सोनाराचा नाहीतर मंगल कार्यालयाचा लाव, काही बिघडत नाही.

सर्फ एक्सेलची ती चिखलाची जाहिरात आठव. शाळेतून येताना बहीण डबक्यात पडते, तर भाऊ त्या डबक्यालाच बडवून काढतो आणि सॉरी म्हणायला लावतो. कपड्यांचा पार चिखल होतो. भावाची माया दिसते ती त्या डागांतच, आणि डाग काढणं हाच कंपनीचा धंदा. धारा तेलाचंही तसंच. रुसून स्टेशनवर बसलेलं पोर, रामूकाका घरी जिलेब्या केल्यात म्हणतात आणि स्वारी परत फिरते. जिलेबी तळायला तेल लागतंच.

कॅडबरीची अडचण निराळी होती. चॉकलेट हा पोरासोरांचा खाऊ, अशी मोठ्यांची समजूत. म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी षटकारावर खूश झालेली तरुणी भर मैदानात नाचवली. 2021 मध्ये तीच जाहिरात फिरवून केली, बॅट बाईच्या हातात आणि नाचणारा पुरुष. दोन्हींत कुणी रडत नाही. भावना म्हणजे रडारड, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

गुगलची 2013 ची जाहिरातही बघ. फाळणीत दुरावलेले दिल्ली-लाहोरचे दोन म्हातारे दोस्त, आणि नात शोधत शोधत त्यांची गाठ घालून देते. ती बघून तुला सीमाप्रश्न सुचणार, हे मी आत्ताच सांगतो. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याचं नाव काढलं की आपल्याकडं अजून घरंच्या घरं गलबलतात. म्हणूनच त्याला हात लावायचा नाही. ते दुखणं साडीच्या सेलला जुंपू नकोस.

शिवाय बेळगावच्या केबलवर बरीच गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी. जाहिरातीतल्या बापाचा तो लांबलचक संवाद कन्नडमध्ये डब करावा लागेल आणि ओठ जुळणार नाहीत. त्यापेक्षा असं बघ: बसस्टँड. मुलगी पहिल्या नोकरीला पुण्याला निघालीय, साडी नेसायची सवय नाही, निऱ्या सुटल्यात. गाडी फलाटाला लागते. आई पिशवी खाली ठेवून तिथंच उकिडवी बसते, एकेक निरी बोटांनी दाबून सारखी करते, पदर खांद्यावर नीट करते. कंडक्टर घंटी मारायची थांबतो. संवाद नाही. दुकानाचं नाव मागच्या पिशवीवर आधीपासूनच दिसत असू दे.

हीच घे असं नाही, तुझी तू शोध. मालकाला बाप रडायलाच हवा असेल तर एकदा समजावून बघ. नाहीच ऐकलं तर निदान सनई काढ. नवीन लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्यानं वाच, आणि रविवारी घेऊन ये.

तुझा,
काका