‘दुखतंय’ म्हणायला ती का घाबरली?

“ताई, मी पंचवटीत मुलामुलींना धावणं शिकवतो. पेठ तालुक्यातली, इथे वसतिगृहात राहणारी १४ वर्षांची एक मुलगी नडगी दुखत असूनही ३ आठवडे पळत राहिली. शेवटी हाडाला बारीक तडा निघाला. ‘सांगितलं का नाहीस?’ म्हटलं तर नुसती खाली बघत राहिली. मी ओरडतो, पण जीवही लावतो. मुलं माझ्याशी मोकळेपणानं का बोलत नाहीत?”

सर,

तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ती मुलगी घर सोडून वसतिगृहात राहते. सावरपाड्याची कविता राऊत नाशिकच्याच मैदानावर घडली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, हे अशा पोरी ऐकतच मोठ्या होतात. दुखतंय म्हटलं तर सर गटातून काढतील, घरचे परत बोलावतील, मग लग्नाचं बघतील, एवढं सगळं तिच्या गप्प बसण्यामागे असू शकतं.

आणि याआधी कुणी कुरकुरलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? ‘एवढ्यानं काय होतंय, पळ’ हे एकाला म्हटलेलं सगळा गट ऐकतो. पुढच्या वेळी कुणी सांगितलं तर आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, बाकीचं नंतर.

‘बरी आहेस ना?’ याला ‘हो सर’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा वॉर्मअपच्या वेळी शेजारून चालत ‘आज कुठे दुखतंय, बोटानं दाखव’ म्हणा. दुखणं हाडावर नेमक्या एका जागी असेल, चालताना किंवा रात्रीही जाणवत असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर गाठायचा. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन, एका वेळी एकच.

एक गोष्ट ती तुम्हाला कधीच सांगणार नाही. सराव भरपूर आणि खाणं अपुरं असलं की मुलींची पाळी लांबते, थांबतेसुद्धा, आणि हाडंही कमकुवत होतात. पाळी बंद झाली की सराव चांगला चाललाय असं समजणारे अजून भेटतात, याचा मला फार राग येतो. वसतिगृहातल्या बाईंना किंवा तिच्या आईला हे विचारायला सांगा. ताटात काय पडतं तेही बघा.

या आठवड्यात तिला भेटा. गटातली तिची जागा कायम आहे, हे तिच्या आईवडिलांसमोर सांगा. डॉक्टर परवानगी देतील तेवढाच व्यायाम द्या, मैदानावर मात्र रोज बोलवा, स्टॉपवॉच तिच्या हातात द्या. आणि मध्ये जिल्हा स्पर्धा आली तरी तिचं नाव पाठवू नका.