सल्ला देणारे आणि शब्द टाकणारे

प्रश्न : मी व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करत आहे. कंपन्यांमध्ये वरिष्ठ पदांवर पोहोचलेल्या स्त्रियांना वाटचालीत कोणाचे मार्गदर्शन लाभले, हा माझा विषय आहे. पंधरा-सोळा जणींच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात असे मला वाटते. विभागातील अध्यापकांना मात्र ही संख्या तोकडी वाटते आणि ते तीनशे जणींची प्रश्नावली सुचवतात. मी काय करावे?
— एक संशोधक, पुणे

उत्तर : किती जणींना मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक ज्येष्ठ सहकारी, होता हे तुम्हाला मोजायचे असेल, तर अध्यापकांचे म्हणणे बरोबर आहे. ते नाते कसे जुळले, कशावर टिकले आणि कुठे विस्कटले हे जाणून घ्यायचे असेल, तर प्रश्नावली तुमच्या उपयोगाची नाही. या विषयाचा पायाच एका छोट्या अभ्यासाने घातला आहे. संशोधक कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधासाठी अमेरिकेतील एकाच कंपनीतील मार्गदर्शक आणि मार्गदर्शन घेणारे यांच्या १८ जोड्या अभ्यासल्या होत्या आणि त्या मुलाखतींतून नात्याचे चार टप्पे मांडले : जुळणे, बहरणे, दुरावणे आणि नव्याने घडणे. संख्येबद्दल विचारणा झाली, तर गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा निबंध दाखवा. घाना आणि नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्यावर त्यांना असे आढळले की, बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते. मात्र त्या स्त्रिया बऱ्याच अंशी एकसारख्या गटातल्या होत्या. तुम्ही बँक, कारखाना आणि सॉफ्टवेअर कंपनी एकत्र घेतलीत, तर पंधरा मुलाखती पुरणार नाहीत. त्यामुळे एकच क्षेत्र निवडा.

क्रॅम यांच्याकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्यांनी नात्यातील दोन्ही माणसांना बोलते केले. आपल्याकडील अनेक प्रबंध केवळ मार्गदर्शन घेणाऱ्या स्त्रीलाच विचारतात, आणि मग नात्याऐवजी तिची कृतज्ञता तेवढी हाती लागते. सोळा सुट्या मुलाखतींपेक्षा आठ जोड्या मी केव्हाही पसंत करेन.

मुलाखतीची सुरुवात ‘मेंटॉर’ या शब्दाने करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. काही वर्षांपूर्वी एका अभियांत्रिकी कंपनीतील वरिष्ठ अधिकारी बाईंनी मला पहिल्या पाच मिनिटांतच ठामपणे सांगितले, “माझा कोणी मेंटॉर नव्हता.” मी तसे टिपून पुढे गेले. पाऊण तासाने कारखान्यातील पहिल्या वर्षाचा विषय निघाला, तेव्हा त्या एका सकाळबद्दल बोलू लागल्या. परदेशी ग्राहक पाहणीला आले होते. साहेबांनी स्वतःची खुर्ची मागे ओढली आणि “या लाइनचं हीच सांगेल” एवढेच म्हणाले. त्यानंतर त्या प्रसंगाविषयी दोघे एकमेकांशी कधीही बोलले नाहीत, पण पुढच्या बढतीच्या बैठकीत तेच साहेब त्यांच्यासाठी शब्द टाकून आले होते. “मार्गदर्शन कोणी केले?” या प्रश्नाला हे उत्तर कधीच मिळाले नसते. म्हणून प्रसंग विचारा : तुमचे नाव पहिल्यांदा यादीत कोणी घातले, आणि तुमची चूक झाली तेव्हा पाठीशी कोण उभे राहिले?

सल्ला देणे आणि शब्द टाकणे यांतला हाच भेद इबारा, कार्टर आणि सिल्व्हा या संशोधकांनी २०१० मध्ये अधोरेखित केला. स्त्रियांना सल्ला भरपूर मिळतो, पण निर्णयाच्या बैठकीत त्यांच्यासाठी स्वतःचे वजन खर्च करणारा माणूस पुरुषांच्या तुलनेत कमी लाभतो, असे त्यांचे म्हणणे आहे. सल्ला देणारे आणि शब्द टाकणारे यांची नोंद तुम्ही पहिल्या मुलाखतीपासूनच वेगळी ठेवा.

निवडीबाबत एक सावधगिरी घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. परंतु बाहेरून नेमलेली स्वतंत्र संचालक आणि त्याच कंपनीत पायरी-पायरीने वर चढलेली अधिकारी यांचे प्रवास निराळे असतात, म्हणून त्यांना एकाच गटात बसवू नका.

गुप्ततेचा प्रश्न इथे नेहमीपेक्षा नाजूक आहे. ‘एका विमा कंपनीच्या वित्तप्रमुख’ एवढे लिहिले, तरी त्या क्षेत्रातील माणसे बाईंना ओळखतील, कारण अशा स्त्रिया मोजक्याच आहेत. जोड्यांच्या बाबतीत तर एकाचे वाक्य दुसरा हमखास ओळखतो. त्यामुळे दोन्ही मुलाखती शेजारी-शेजारी छापण्यापूर्वी दोघांचीही स्वतंत्र लेखी संमती घ्या, आणि एकाने नकार दिला तर तो भाग प्रबंधातून काढून टाका, मग तो कितीही मोलाचा असो.

प्रश्न : मुलाखती मराठी-इंग्रजी मिश्र होतात, पण प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. भाषांतर केव्हा करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : विश्लेषण संपल्यावर करावे. मुलाखतीची संहिता बोलल्याप्रमाणे उतरवा आणि आशयसूत्रेही, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे, मूळ शब्दांवरूनच शोधा. ‘सांभाळून घेतलं’ या क्रियापदात संरक्षण, माया आणि थोडा उपकारही असतो. ‘सर’ म्हणणारी बाई मध्येच ‘दादा’ म्हणू लागते, तेव्हा नात्याचा टप्पा बदललेला असतो. आधीच इंग्रजीत उतरवले, तर हे दोन्ही पुरावे तुमच्या हातून जातील. प्रबंधात असे शब्द तसेच ठेवून खाली त्यांचा अर्थ उलगडून सांगा.